तळ्याच्या मध्यभागी उभं राहण्याची सोय

गावतळ्याची निगा राखण्याच्या आपल्या बहुतेक सगळ्या रीती काठावरून चालतात. पाळीवर झाडं लावली जातात, पायऱ्या बांधल्या जातात, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या पट्ट्यातला गाळ जेसीबीने उपसला जातो. श्रमदानाच्या दिवशी माणसं कमरेभर पाण्यात उतरतात आणि हाताला येईल तेवढी जलपर्णी ओढून बाहेर काढतात. त्यापुढचं पाणी मात्र कुणाच्याच हाती नसतं, आणि तळ्याचं दुखणं बहुधा तिथेच असतं. काठ साफ झाला तरी मध्यावरची हिरवी गादी वाऱ्याबरोबर सरकत येते आणि पंधरवड्यात काठ पुन्हा झाकून टाकते. मोरीच्या तोंडाशी अडकलेला ओंडका सगळ्यांना ठाऊक असतो, पण तिथवर जाऊन पहार मारायला पायाखाली काही नसतं. खोल पाण्यात दोन्ही हात मोकळे ठेवून काम करता येईल अशी जागा नसणं, ही तळ्यांच्या दुरवस्थेमागची अगदी साधी आणि फार क्वचित बोलली जाणारी अडचण आहे. हे पुस्तक ती जागा स्वतः बांधण्याविषयी आहे.

या जागेला पुस्तकभर ‘कामाचा तराफा’ म्हटलं आहे. होडीपासून तो वेगळा आहे हे आधी ध्यानात घ्यायला हवं. होडी जाण्यासाठी असते. तिचं अंग निमुळतं आणि तळ पाणी कापणारा. तिच्यात बसून वल्हं मारावं, उभं राहून ओझं ओढू नये. तराफा थांबण्यासाठी असतो. तो रुंद, सपाट, चौकोनी असतो, संथ हलतो, आणि एकदा जागेवर बांधला की त्यावर माणूस वाकतो, ओढतो, ठोकतो. मांडवी-झुआरीतून लोहखनिज वाहणाऱ्या बार्ज, बंदरातला गाळ काढणारे ड्रेजर, पूल बांधताना नदीत उभी राहणारी यारीची फलाटं हे सगळे त्याचे मोठे भाऊबंद. इथे विचार केला आहे तो दहा बाय आठ फुटांच्या आसपासच्या, गावातला वेल्डर आणि सुतार मिळून उभा करू शकतील आणि चार-सहा माणसं उचलून पाण्यात सोडू शकतील अशा तराफ्याचा.

पोकळ, तोंडबंद वस्तू एकत्र बांधून त्यावर मंच टाकायचा, ही कल्पना आपल्याकडे कुणी शिकवावी लागलेली नाही. पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला वाळका भोपळा, पांगाऱ्याचं लाकूड किंवा पत्र्याचा बंद डबा बांधणारी पिढी अजून हयात आहे. भोपळ्यांच्या सांगडीवरून नदी पार करणं संतांच्या काळी इतकं परिचित होतं, की भवसागर तरून जाण्याचं बोलताना तीच उपमा सहज ओठांवर यायची. उत्तरेत गंगेच्या खोऱ्यात मातीच्या घड्यांवर बांबूची चौकट बांधून ‘घरनई’ करतात. टायग्रिस नदीवर फुगवलेल्या कातड्यांवर लाकडं बांधून ‘केलेक’ नावाचे तराफे शतकानुशतकं चालले; मुक्कामी पोचल्यावर लाकूड विकायचं, कातड्यांतली हवा सोडायची आणि ती गाढवांवर लादून पुन्हा वरच्या गावी न्यायची, असा तो हिशेब होता. साहित्य बदललं तरी कामाचा नेम एकच: हवा कोंडून ठेवायची, आणि ती कोंडलेली राहील याची काळजी घ्यायची.

दुसरी परंपरा दोन अंगांची. दोन होड्या थोडं अंतर ठेवून समांतर बांधायच्या आणि वरून फळ्या टाकायच्या. गोव्यात कुंभारजुव्याच्या सांगोडोत्सवात गणेशविसर्जनाच्या वेळी अशा जोडहोड्यांवर देखावे उभे राहतात, माणसं सोंगं घेऊन उभी असतात, आणि एरवी एकट्या होडीवर जे कधीच पेललं नसतं ते दोघींवर निवांत तरंगतं. ख्रिस्ती समाजाच्या जूनअखेरीच्या सांगोडातही होड्या जोडूनच रंगमंच होतो. मदुराईच्या वंडियूर तेप्पकुळम तलावात मीनाक्षी आणि सुंदरेश्वर यांचा तरंगता मंडप दोरांनी ओढत तलावाला फेरी घालतात. तराफ्याच्या इतिहासात ही उत्सवाची बाजू मला फार मोलाची वाटते. एकाच जागी पुष्कळ माणसं, उंच सजावट आणि अवघड देवमूर्ती सांभाळायची म्हटल्यावर कारागिरांनी रुंदीचं महत्त्व हातानेच शोधून काढलं होतं.

त्याचं गणित पुढे लिहिलं गेलं. बुडालेल्या भागाने जेवढं पाणी बाजूला सारलं त्याच्या वजनाइतका आधार मिळतो, हा आर्किमिडीजचा नियम शाळेत सगळेच शिकतात. पण तराफा तरेल की नाही एवढंच तो नियम सांगतो. उलटेल की नाही, हे सांगत नाही. त्याचं उत्तर पिएर बुगेर या फ्रेंच गणितज्ञाने १७४६ सालच्या आपल्या जहाजशास्त्रावरच्या ग्रंथात दिलं. पृथ्वीचा आकार मोजण्याच्या मोहिमेवर तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात असताना त्या ग्रंथाचं बरंचसं काम झालं होतं. कललेलं जहाज स्वतःहून सरळ होण्यासाठी त्याचा भारमध्य किती उंचीच्या आत असला पाहिजे, हे त्याने दाखवलं. त्यातून निघणारा व्यवहारातला नियम असा: पाण्यावर आधार देणाऱ्या दोन ओळींमधलं अंतर दुप्पट केलं, की कलण्याला होणारा विरोध जवळजवळ चौपट होतो. तेवढीच पिंपं, तेवढंच लोखंड, फक्त मांडणी वेगळी. घरगुती तराफ्यांत सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे पिंपं मंचाच्या मधोमध दाटीने बांधणं. तसा तराफा रिकामा असताना छान दिसतो; माणूस कडेला गेला की बुडी मारतो.

पिंपांचा उल्लेख आलाच आहे, तर त्यांचंही ऋण मानायला हवं. आजचा घरगुती तराफा शक्य झाला तो औद्योगिक पिंपामुळे. पोलादी पिंपाच्या मूळ रचनेची पेटंटं १९०५ साली अमेरिकेत हेन्री वेरहान या कारागिराने घेतली, आणि ती ज्या कारखान्याची झाली तो चालवत होती एलिझाबेथ सीमन, म्हणजे ‘नेली ब्लाय’ या नावाने गाजलेली पत्रकार. पुढे प्लास्टिकची निळी पिंपं आली आणि गंजाचा प्रश्न मिटला. गावोगावच्या भंगारवाल्याकडे आज दोनशे लिटरचं पिंप सहज मिळतं, आणि ‘पिंपांची पद्धत’च सर्वांत जास्त प्रचलित झाली आहे.

बाकीच्या पद्धतींचा धावता परिचय इथे पुरे. बांबूच्या मोळ्यांचा तराफा सर्वांत स्वस्त, पण बांबू हळूहळू पाणी पितो आणि हंगामागणिक खाली बसत जातो. थर्माकोलच्या ठोकळ्यांचा आधार भरवशाचा वाटतो. एक घनमीटर थर्माकोल जेमतेम पंधरा-वीस किलोचं असतं, म्हणजे जवळपास सगळा आधार कामाला येतो. पण ते पेट्रोलने विरघळतं, उंदीर-कासवांच्या तोंडी लागतं आणि शेवटी त्याचे पांढरे मणी तळ्यात पसरतात. तळं साफ करायला निघालेल्या माणसाने उघडं थर्माकोल पाण्यात सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पोकळ ठोकळे एकमेकांना जोडण्याच्या पद्धतीचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. अमेरिकी नौदलातले अभियंते जॉन लेकॉक यांनी पाच बाय पाच बाय सात फुटांच्या पोलादी पेट्या कल्पिल्या. त्या जोडून धक्के, तराफे, तरंगते रस्ते होत, आणि १९४३ साली सिसिलीच्या किनाऱ्यावर फौजा उतरवताना त्यांचा मोठा उपयोग झाला. धरणांत पिंजऱ्यातली मत्स्यशेती करणारे आज जे प्लास्टिकचे चौकोनी ठोकळे वापरतात ते याच विचाराचे वंशज. उत्तम, पण महाग.

फेरोसिमेंटबद्दल मात्र थोडं थांबून सांगावंसं वाटतं. तारेच्या जाळीवर सिमेंटचा पातळ थर देऊन केलेली पहिली प्रसिद्ध वस्तू होडीच होती. जोसेफ-लुई लाम्बो या फ्रेंच जमीनदाराने १८४८ साली ती आपल्या मिरावाल इथल्या जमिनीवर बनवली, तिथल्याच तळ्यात तरंगवली आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली. सळईच्या काँक्रीटच्या इतिहासात तिचा उल्लेख नेहमी येतो. शेतावरच्या तळ्यासाठी घरी काहीतरी बांधू पाहणाऱ्या माणसाच्या हातून एवढी मोठी गोष्ट घडली, हे या पुस्तकाच्या वाचकांनी जरूर लक्षात ठेवावं. महाराष्ट्रात फेरोसिमेंटच्या टाक्या करणारे गवंडी पुष्कळ आहेत. त्यांना पेटीसारखा बंद तरंगता डबा करणं अवघड नाही. वजन जास्त, पण आयुष्य मोठं.

आता मुख्य मुद्दा. या विषयावर जे काही शिकायचं त्यातलं निम्म्याहून अधिक मंचाच्या कडेशी आहे. कारण काम कडेला होतं. गाळाची बादली कडेवरून ओढली जाते, दाताळं कडेवरून टाकलं जातं, मोरीची झडप कडेला वाकूनच बसवली जाते. म्हणून तराफा किती वजन पेलतो, या प्रश्नाने सुरुवात करणं चुकीचं ठरतं. विचारायचं ते हे: सगळी माणसं एका कडेला आली आणि त्याच वेळी त्यांनी पाण्यातून काही ओढलं, तर त्या कडेची पिंपं किती बुडतील?

एक उदाहरण घेऊ. दोनशे लिटरची आठ प्लास्टिक पिंपं, चार-चारच्या दोन आडव्या ओळींत. पूर्ण बुडाली तर आधार १,६०० किलोंचा. पण आडवं पिंप निम्मं बुडालेलं असताना पाण्याच्या पातळीवर त्याची रुंदी सर्वांत जास्त असते. त्याच्या खाली गेलं की ही रुंदी घटू लागते आणि स्थैर्यही. म्हणून निम्म्यापर्यंतच जायचं: ८०० किलो. पिंपं, चौकट आणि फळ्या मिळून ३०० किलो धरले तर उरले ५००. तीन माणसं आणि अवजारं यांत २५० गेले. राहिलेल्या २५० किलोंत ओली जलपर्णी किती मावेल? दाट वाढलेल्या जलपर्णीचं वजन चौरस मीटरला वीस-पंचवीस किलो सहज भरतं. म्हणजे मोठ्या कष्टाने बांधलेला हा तराफा जेमतेम दहा चौरस मीटर जलपर्णीत भरून जातो! हा हिशेब पहिल्यांदा मांडला की माणसं खट्टू होतात आणि आणखी पिंपं आणायला निघतात. उत्तर तिकडे नाही. जलपर्णी स्वतःच तरंगते. तिला तराफ्यावर चढवायचंच नाही. तराफ्यावरून तिची गादी करवतीने कापायची, तरंगत्या दोराने वेढायची आणि काठावरच्या माणसांनी ती ओढून घ्यायची. कामाचा विचार आधी केला तर तराफा लहान होतो, स्वस्त होतो.

ओझं पाण्यावरच्या मंचावर चढवण्याचा क्षणच किती नाजूक असतो, हे २०२५ साली गिरगाव चौपाटीवर सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. लालबागच्या राजाची मूर्ती नव्या तराफ्यावर घ्यायची होती, भरती चढत होती, आणि विसर्जन कित्येक तास लांबलं. समुद्राच्या मानाने तळ्याचं पाणी शांत, पण तत्त्व तेच: काठावरून मंचावर पाऊल पडतं तेव्हा सगळा भार एकदम एका कडेला येतो. पुस्तकात चढ-उताराच्या जागेवर जी बरीच पानं खर्ची पडली आहेत ती यासाठी.

लहान वाटणाऱ्या काही गोष्टींवर असाच भर आहे. दिवसा उन्हाने पिंपातली हवा फुगते, रात्री आकसते. बूच थोडंही सैल असलं आणि पाण्याखाली असलं, तर त्या आकसण्याबरोबर पाणी आत ओढलं जातं. म्हणून बुचं वरच्या अंगाला हवीत आणि पिंपं चौकटीत अशी बांधायला हवीत की ती गोल फिरणार नाहीत. पिंपात शिरलेलं पाणी वजनापेक्षा वेगळ्या कारणाने घातक असतं: तराफा कलला की ते खालच्या बाजूला धावतं आणि कल वाढवतं. कीटकनाशकाची किंवा रसायनाची पिंपं कितीही धुतली तरी तळ्यात नकोत. फळांचा रस किंवा खाद्यतेल आलेली शोधावीत. मंचाच्या फळ्यांत बोटभर फट ठेवावी, कडेने चार इंची आडपट्टी मारावी म्हणजे घसरलेला पाय तिथे अडतो, आणि कठडा कामाची बाजू सोडून बाकी तिन्ही बाजूंना असावा.

हे सगळं आत्ता का? देशातल्या जलसाठ्यांची पहिली गणना २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात २४ लाखांहून अधिक तळी, तलाव, बंधारे नोंदले गेले. महाराष्ट्रातली संख्या ९७ हजारांच्या घरात आहे. २०१६ नंतर ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने त्यात शेततळ्यांची मोठी भर घातली. गाळ काढण्याच्या सरकारी योजना आहेत, पण त्या कोरड्या तळासाठी आहेत. बारमाही पाणी असलेल्या तळ्यात यंत्र उतरत नाही. जलपर्णी कापणारी तरंगती यंत्रं महानगरपालिकांना परवडतात, ग्रामपंचायतींना नाही. बंगालने १९३६ साली जलपर्णीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला होता, आणि १९८०च्या दशकात तिच्यावर जगणारे भुंगे भारतात मुद्दाम आणून सोडले गेले. तरीही ही वनस्पती अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांच्या आसपास दुप्पट होते. तिच्याशी गाठ पडली की एका मोहिमेने भागत नाही, दर महिन्याला थोडं थोडं काम करावं लागतं. आणि दर महिन्याचं काम भाड्याच्या यंत्राने होत नाही; त्यासाठी साधन गावातच, तळ्यावरच बांधलेलं असावं लागतं.

विदर्भाचा इथे वेगळा उल्लेख करायला हवा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतले माजी मालगुजारी तलाव आणि बोड्या म्हणजे कोहळी समाजाच्या पाणीज्ञानाची आणि ढिवर बांधवांच्या मासेमारीची कित्येक पिढ्यांची कमाई आहे. बेशरमाच्या झुडपांनी आणि गाळाने त्यांतल्या अनेकांना ग्रासलं. तिथे ज्यांनी काम केलं त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली: तलाव नुसता साफ करणं पुरेसं नसतं, माशांना खाऊ आणि आसरा देणाऱ्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावाव्या लागतात. ती लागवड पाण्यात, तळाशी, हाताने करायची असते. तराफ्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. ढिवरांच्या डोंग्यातून ते होतंच. पण रोपं, माती, चार माणसं आणि दिवसभराचा वेळ यांसाठी रुंद मंच हवा. आपला डोंगा ज्या सहजतेने ढिवर लांब बांबूने रेटतो, तीच रीत तराफ्यालाही लागू पडते. आणि कोपऱ्यातल्या कड्यांतून तेच बांबू चिखलात रोवले की तराफा जागच्या जागी उभा राहतो, नांगर लागत नाही.

शेततळ्यात मात्र हे चालणार नाही. तिथे तळाला प्लास्टिकचा कागद असतो. बांबूचं टोक, अँगलचा कोपरा, उघडा बोल्ट यांतलं काहीही तो फाडू शकतं. तिथे चारही काठांना दोर बांधूनच तराफा रोखायचा, आणि पिंपांखाली एकही टोकदार भाग ठेवायचा नाही. याच कागदावरून घसरून, वर येता न आल्याने, महाराष्ट्रात दरवर्षी माणसं आणि मुलं बुडतात. म्हणून शेततळ्यासाठीच्या प्रत्येक आराखड्यात गाठी मारलेला दोर किंवा दोरशिडी कायमची काठाला बांधलेली दाखवली आहे. ती सजावट समजून कुणी गाळू नये. जीवरक्षक जाकीट, काठावर लक्ष ठेवणारा एक माणूस, आणि वीजवाहिनीची तार मंचावर न आणणं, या तीन अटींबाबतही पुस्तकाने कुठे सवलत दिलेली नाही. पंप तरंगता ठेवायचा तर त्याचा वेगळा छोटा तराफा करावा, ज्यावर माणूस चढणार नाही.

पुस्तक काय करू पाहतं, हे आता थोडक्यात सांगतो. तयार नकाशा देऊन ‘असाच बांधा’ असं ते म्हणत नाही. तुमचं तळं किती खोल, तळ कसला, काम कोणतं, माणसं किती, गावात कोणतं साहित्य आणि कोणता कारागीर उपलब्ध, या उत्तरांवरून आपला तराफा आपण ठरवावा, इतपत आकडेमोड ते हाती देतं. बेरीज, गुणाकार आणि थोडी भूमिती यांपलीकडे त्यात काही नाही. मापं मीटर आणि फूट दोन्हींत आहेत, कारण अभियंता एकात बोलतो आणि सुतार दुसऱ्यात. बांधून झाल्यावर गुडघाभर पाण्यात, सगळ्या माणसांनी एका कडेला उभं राहून घ्यायची चाचणी प्रत्येक आराखड्याला सक्तीची ठेवली आहे. त्या चाचणीत निम्म्याहून जास्त पिंप बुडालं तर तो तराफा खोल पाण्यात न्यायचा नाही.

नद्या, भरतीची खाडी आणि मोठी धरणं इथे नाहीत. वाहत्या पाण्याचा जोर आणि मोठ्या जलाशयावरच्या लाटा यांना हे हिशेब पुरत नाहीत. इंजिनही नाही, तळ्यावर त्याची गरज पडत नाही. सार्वजनिक तळ्यावर तराफा सोडण्याआधी ग्रामपंचायतीची आणि तिथे मासेमारीचा ठेका असलेल्या सहकारी संस्थेची संमती घ्यावी. त्यांची जाळी कुठे लागलेली असतात हे त्यांनाच ठाऊक असतं. कमळपक्षी पावसाळ्यात तरंगत्या पानांवर अंडी घालतात, तेव्हा त्या महिन्यांत मध्यावरच्या वनस्पतींना हात लावू नये. आणि ज्या तळ्यात शिंगाडा लावलेला आहे, तिथे काम करू इच्छिणाऱ्यांनी आधी तो लावणाऱ्या कुटुंबांशी बोलून हंगाम ठरवावा, मगच पिंपं विकत घ्यावीत.